परकारभाई आणि सशाची कॅसेट

हुसेन परकार या माणसानं अख्ख्या नोकरीत एकदाच मूळ प्रत स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तीही कंपनीची नव्हती. त्या एका प्रतीची गोष्ट सांगायची तर आधी माणूस सांगावा लागेल, कारण माणूस ऐकून पटण्यातला नव्हता.

आखातात, अहमदीला, तेल कंपनीच्या जुन्या ऑफिसात तळमजल्यावर आमची नकाशांची खोली होती. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह यांचे जितके म्हणून नकाशे, तितके तिथल्या लोखंडी कपाटांत. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं तरी आत आम्ही स्वेटर घालून बसायचो, कारण नकाशांना उष्णता सोसत नाही. माणसांना सोसते, असं कंपनीचं मत होतं. मी त्र्याण्णवच्या सुमारास तिथे टायपिस्ट म्हणून लागले. आमचे हे प्लांटवर इंजिनियर, दिवसभर बाहेर, लेक शाळेत, आणि मी घरात भिंतींशी बोलायला लागले होते. पहिल्याच दिवशी परकारभाईंनी मला खुर्ची दाखवली आणि तत्त्वज्ञान सांगितलं.

"वहिनी, मूळ प्रत म्हणजे आईबाप. बाकीच्या प्रती म्हणजे लेकरं. लेकरं गावभर हुंदडली तरी चालतं. आईबाप घरात पाहिजेत."

तेव्हा ते पन्नाशीला आले असतील. सडपातळ अंग, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. निळं लिहायला, काळं सहीला, आणि लाल फक्त रजिस्टरात 'परत आले नाही' असं लिहायला. गळ्यात काळ्या दोऱ्यात कपाटाची किल्ली. नवीन लोक तो ताईत समजायचे, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. कोकणातल्या खाडीकाठच्या गावचा मुसलमान माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, गावी एकटी म्हातारी आई. माझ्याशी ते धड्यातलं मराठी बोलायचे, गुरुजींनी छडीनं घोटून घेतलेलं. घरची बोली त्यांनी आईसाठी राखून ठेवली होती.

त्यांचा एक नियम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच नियमानं घडवलं. 'ओरिजिनल, नॉट टू बी इश्यूड' असा एक मोठा शिक्का त्यांच्याकडे होता. तो मूळ प्रतीवर कधीही मारायचा नाही. मूळ प्रत कोरी राहिली पाहिजे. शिक्का मारायचा तो वरच्या वेष्टनावर.

एकदा मुदीरनं, म्हणजे आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबानं, मीटिंगसाठी एका टाकीचा मूळ नकाशा मागवला. परकारभाईंनी नाही म्हटलं नाही. स्वतः नकाशा घेऊन वर गेले आणि मीटिंग चालली तितका वेळ टेबलाशी उभे राहिले, नकाशाचा एक कोपरा चिमटीत धरून. साहेबानं नकाशा आपल्याकडे ओढला की परकारभाईही तितकेच सरकायचे. चहा आला तर त्यांनी तोही नाकारला, कारण दुसऱ्या हातानं ते साहेबाचा कप नकाशापासून लांब ठेवत होते. पुढे साहेब स्वतःच आमच्या खोलीत येऊन नकाशे बघू लागला. येताना कोट घालून यायचा.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये लढाई सुरू झाली आणि लोक इथून मिळेल त्या वाटेनं पळाले, तेव्हा कुणी दागिने नेले, कुणी लेकरांचे दाखले. परकारभाईंनी नेलं रजिस्टर. दोन जोडी कपडे आणि छातीशी ते जाड रजिस्टर, अशा थाटात हा माणूस वाळवंट ओलांडून, सतरा ठिकाणी रांगा लावून, गावी पोचला. लढाई संपल्यावर परत आले तर नकाशांची खोली जळून कोळसा झालेली. पुढे सगळे नकाशे नव्यानं काढले, तेव्हा ती पुन्हा भरली.

"म्हणजे रजिस्टरचा काही उपयोग झाला नाही," मी एकदा म्हटलं.

"असं कसं? काय काय जळलं त्याची पूर्ण यादी आपल्याकडे होती," ते म्हणाले. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

असा हा मूळ प्रतींचा राखणदार एका बाबतीत मात्र पक्का गाफील होता. त्या दिवसांत गावी फोन म्हणजे दुकानातला एकच, आणि आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कोकणातली सगळीच मंडळी कॅसेट भरून पाठवायची. दुकानातून गाण्यांची जुनी कॅसेट आणायची, तिच्या पाठीला जी दोन भोकं असतात त्यांवर चिकटपट्टी लावायची, की गाणी पुसून आपला आवाज भरता येतो. एका बाजूला मुलानं बोलायचं, सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती धाडायची. आईनं दुसऱ्या बाजूला बोलून ती परत धाडायची. परकारभाई ऐकायचे, आणि तिच्यावरच पुढचं पत्र भरायचे. आईचा आवाज पुसून. कंपनीच्या गंजक्या व्हॉल्व्हची मूळ प्रत कुलपात, आणि आईची रोजच्या वापरात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आई आहे ना. मूळ तिकडे आहे. हा फक्त निरोप."

शहाण्णवच्या उन्हाळ्यात यानिस आला. लॅटव्हिया नावाच्या देशातला. नकाशात शोधावा लागला. टाक्यांच्या वेल्डिंगची तपासणी करायला वर्षाच्या करारावर आलेला. हा उंच, आणि उन्हानं टोमॅटो झालेला. अख्ख्या अहमदीत त्याला मानवेल अशी थंडी फक्त आमच्या खोलीत होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो तिथे येऊन बसायचा. परकारभाईंनी पहिल्या दिवशी त्याची रजिस्टरात सही घेतली. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नाही. पण त्याला अशा गोष्टींची सवय असावी, कारण त्यानं मुकाट्यानं केली.

दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे गप्पा छान व्हायच्या. त्यातून हळूहळू कळलं ते असं. यानिसच्या देशावर पूर्वी रशियनांचा अंमल होता आणि गाणं वाजवायला सरकारी परवानगी लागायची. यानिस आणि त्याचे तीन मित्र रीगा शहरात एका इमारतीच्या तळघरात, कोळशाच्या खोलीत, चोरून वाजवायचे. कुणी विचारलंच तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी लहान मुलांचं एक जुनं पुस्तक घेतलं, तिकडे घरोघरी असणारं, आणि त्यावर अख्खा आल्बम केला. लहान मुलांच्या पुस्तकाचा सरकारला संशय येत नाही.

पुस्तकातली गोष्ट अशी की एक ससा पोस्टमन असतो. हिवाळ्यात बर्फ पडतो, अस्वलं, खारी, सगळे आपापल्या बिळांत सहा महिने झोपतात, आणि यांची पत्रं तर येऊन पडलेली. मग ससा एकेका दारासमोर उभा राहून पत्र मोठ्यानं वाचतो, म्हणजे मजकूर निदान स्वप्नात तरी पोचेल. एकेक पत्र म्हणजे एकेक गाणं. यात झोपलेला देश वगैरे अर्थ आहे, असं आमच्या ह्यांनी मला संध्याकाळी समजावून सांगितलं. परकारभाईंना तेवढं खोल जायची गरज पडली नाही.

"पत्र पोचल्याची सही कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," यानिस म्हणाला.

"मग सशाला चैन कसं पडतं?"

यानिसनं जरा विचार केला. "नाही पडत," तो म्हणाला. "म्हणून गातो."

त्या तळघरातली पहिली कॅसेट यानिस जवळ बाळगून होता. तिच्यावरून केलेल्या प्रती एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या होत्या, पण कुणाकडे गेल्या, कुणाला ठाऊक. चौघांतला एक कॅनडात, एक दारूत, आणि जो मुख्य गायचा तो वारलेला. यानिसचा टेपरेकॉर्डर हल्ली फीत चावायला लागला होता. म्हणून त्यानं ती कॅसेट परकारभाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मला एक प्रत करून दे. मूळ तू ठेव. तुझ्याकडे ती सुरक्षित राहील."

परकारभाईंना कंपनीनं पंचवीस वर्षांत इतका मोठा मान दिला नव्हता. त्यांनी रजिस्टरात नोंद केली, कॅसेटच्या डबीवर शिक्का मारला, आणि कॅसेट घरी नेली. कॅसेटवर अर्थातच काही लिहिलं नाही. यानिसनंही कधी लिहिलं नव्हतं. चोरून वाजवणाऱ्यांची तीच शिस्त असते.

शुक्रवारी नमाजाहून येऊन ते कॉपी करायला बसले. टेबलावर दोन कॅसेट डब्यांतून काढलेल्या, एक यानिसची आणि एक सिनेमाच्या गाण्यांची, आईच्या पत्रासाठी आणलेली, जिचा कागद त्यांनी स्वतः सोलून काढला होता. दोन्ही काळ्या, दोन्ही कोऱ्या. तेवढ्यात गावचा नजीर दारात. त्याचं तिकीट एक दिवस अलीकडे आलं होतं, पत्र आत्ताच हवं. परकारभाईंनी त्याला चहा दिला, घाईनं भोकांवर चिकटपट्टी लावली, आतल्या खोलीत बसून अर्धा तास आईशी बोलले, आणि कॅसेट नजीरच्या हवाली केली. टेबलावर उरलेली त्यांनी शिक्क्याच्या डबीत घातली; त्या गडबडीत कॉपी राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

सोमवारी यानिस यायच्या आधी त्यांनी ती तपासायला म्हणून लावली. आतून एक बाई हिंदीत श्रावण आल्याचं सांगू लागली.

परकारभाईंनी बटण बंद केलं. डबी उलटी करून शिक्का पाहिला. शिक्का अगदी सरळ बसला होता. मग ते खुर्चीवर बसले. मला त्यांची भयंकर दया आली, आणि दया आली की मी सल्ले देते.

"सांगा, मशीननं खाल्ली," मी म्हटलं. "कुणाची मशीन खात नाही?"

"वहिनी, त्यानं मला मूळ प्रत दिली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी मला टाइप करायला बसवलं. कंपनीत कागद हरवला तर भरायचा एक फॉर्म होता, तो त्यांनी स्वतःविरुद्ध भरला. वस्तूचं नाव: कॅसेट, सशाची. हरवण्याचं कारण: ताबेदाराचा निष्काळजीपणा. ताबेदाराचं नाव: हुसेन परकार. तीन प्रती, तिन्हींवर सह्या.

यानिसनं तिन्ही प्रती वाचल्या, कारण त्याला वाटलं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मग तो कोरडं हसला आणि म्हणाला, "त्या कॅसेटवर आमच्याआधी एका पुढाऱ्याचं भाषण होतं. कोऱ्या कॅसेट मिळायच्या नाहीत. आम्हीही पुसूनच भरली."

"ते पुढाऱ्याच्या खात्याचं नुकसान," परकारभाई म्हणाले. "हे माझ्या खात्याचं."

यानिस त्यानंतर हसला नाही. उठून कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. गेलेल्या मित्राचा आवाज गेला होता, आणि फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

मात्र एक आशा होती. गाणी दोन्ही बाजूंना होती आणि परकारभाई एकाच बाजूला बोलले होते. त्यांनी तातडीनं गावच्या दुकानात फोन लावला आणि दुकानदाराकडून आईला निरोप धाडला की दुसऱ्या बाजूला अजिबात हात लावू नको. ज्या बाईला मुलाशी बोलायला तेवढी एकच बाजू होती, तिला हा निरोप. परकारभाईंना यात काही वावगं वाटलं नाही. मलाही त्या घाईत वाटलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांनी नजीर सुके बोंबील आणि कॅसेट घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं खोलीत बसलो. परकारभाईंनी दुसरी बाजू लावली.

"काय रे हुसेन, झोपलास काय? दुकानदार सांगतो, हात लावू नको. मी काय तुझ्या साहेबाची फाइल हाय? आईचा आवाज नको तर कॅसेट कशाला धाडतोस?"

आणि मग जी सुरू झाली ती वीस-बावीस मिनिटं. कोंबड्या, शेजारणीनं सरकवलेलं कुंपण, गुडघा, खाडीचं पाणी, पुन्हा कोंबड्या. परकारभाई मान खाली घालून यानिसला भाषांतर सांगत होते, मीटिंगचा वृत्तांत लिहावा तसं. "मदर रिपोर्ट्स, पोल्ट्री कंडिशन सॅटिस्फॅक्टरी." यानिस प्रत्येक वाक्याला गंभीरपणे मान हलवत होता. प्रत्येक वाक्यागणिक त्याचं एकेक गाणं पुसलं गेलं होतं, हे तिघांनाही कळत होतं. म्हातारी मात्र मजेत होती.

शेवटी ती थांबली. खोकली. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "बटण दाबायच्या आधी मी ऐकलं, यात कोण पोरगा गातो हाय. कुणाचा हाय? थंडीनं कुडकुडल्यागत गातो. आई नाय काय त्याला? घरी बोलाव, भात वाढ. आता माझं बोलणं संपलं. बाकीची जागा त्या पोराला ठेवते."

खट् आवाज झाला. आणि गिटार वाजू लागली, आणि एक तरुण, न कमावलेला आवाज, तीन-चार मिनिटं. मग फीत संपली.

"शेवटचं गाणं," यानिस म्हणाला. "एवढं एकच मी गायलो होतो." मग त्यानं विचारलं, आई शेवटी काय म्हणाली. परकारभाईंना ते वाक्य इंग्रजीत जमेना. त्यांनी तीनदा सुरुवात केली. शेवटी मीच सांगितलं. यानिसनं ते आपल्या वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या शुक्रवारी परकारभाईंकडे जाऊन खरोखर भात जेवला.

त्या हिवाळ्यात आई गेली. परकारभाई नेहमीप्रमाणे सात वाजता आले, कुलूप उघडलं, आणि म्हणाले, "वहिनी, आई गेली." सुट्टीच्या कागदावर सही होईपर्यंत तिकडे दफन होऊन गेलं होतं. ते पोचले तेव्हा आईच्या घरात अकरा कॅसेट होत्या. त्यांनी सगळ्या ऐकल्या आणि सगळ्यांवर त्यांचाच आवाज होता. आई होती फक्त सशाच्या कॅसेटवर.

आणि यानिसचा करार संपत आला होता. तो म्हणाला, मूळ तू ठेव, मला प्रत दे. गाणं तर दोन्हींवर सारखंच आहे. मीही तेच म्हटलं, आमचे हे म्हणाले, मुदीरसुद्धा म्हणाला, कारण तोपर्यंत ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. परकारभाई ऐकायला तयार नाहीत.

"कॅसेट त्याची. मी ताबेदार. ताबेदारानं आपली आई त्यात ठेवली म्हणून वस्तू त्याची होत नाही."

स्वतःसाठी त्यांनी एक प्रत करून घेतली. मग रजिस्टर उघडलं, यानिसची सही घेतली, आणि कॅसेट त्याच्या हातात दिली. 'मूळ प्रत दिली' हे शब्द त्या रजिस्टरात तेव्हा पहिल्यांदा लिहिले गेले. त्यांनी ते काळ्या पेनानं लिहिले आणि पेन खिशाला लावायला त्यांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला.

दोन वर्षांनी एका उन्हाळ्यात त्यांच्या टेपरेकॉर्डरनं ती प्रत चावून टाकली. मशीननं खाल्ली. मी सुचवलेलं खोटं असं उशिरा खरं झालं. मी म्हटलं, यानिसला पत्र लिहा, रजिस्टरात पत्ता आहे, दुसरी प्रत पाठवेल. ते म्हणाले, "दिलेली मूळ प्रत परत मागायची नाही." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तेही तेवढंच बोलत होते.

दोन हजारनंतर आमच्या खोलीत स्कॅनर आला. सगळे नकाशे कॉम्प्युटरात गेले आणि मूळ प्रती सुलैबियाच्या गोदामात हलवायचं ठरलं. परकारभाईंची निवृत्तीही त्याच महिन्यात आली. त्याच आठवड्यात रीगाहून एक पाकीट आलं. आत एक सीडी आणि यानिसचं पत्र. त्या जुन्या प्रतींच्या प्रती तिकडे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅरेजमध्ये सापडल्या होत्या. खरखरीत, पण मित्राचा आवाज त्यांत होता. त्या जोडून त्यांनी आल्बम पुन्हा काढला. शेवटचं गाणं मात्र कुणाकडेच नव्हतं, कारण ज्याच्या त्याच्या कॅसेटची फीत त्याआधीच संपायची. ते मूळ कॅसेटवरून घेतलं, आणि त्याच्या आधीचं जे होतं तेही थोडं तसंच ठेवलं. गाण्याला नाव दिलं होतं: 'बाकीची जागा त्या पोराला ठेवते.' लॅटव्हियन भाषेत. खाली इंग्रजीत अर्थ.

आमच्या लेकीनं, सईनं, आपला डिस्कमन आणला आणि परकारभाईंच्या कानांवर लावला. ती तेव्हा चौदा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. गाणं संपल्यावर परकारभाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "बेटा, यातली मूळ प्रत कुठली?"

"अंकल, इट्स डिजिटल. देअर इज नो ओरिजिनल."

मला वाटलं, आता यांना काहीतरी होणार. पण ते सीडीकडे बघत मला म्हणाले, "वहिनी, लेकरं गावभर हुंदडली, म्हणून वाचली." मग त्यांनी दुसरा, छोटा शिक्का काढला आणि सीडीच्या वेष्टनावर मारला. 'कॉपी. फक्त माहितीसाठी.' रजिस्टरात यानिसच्या ओळीत 'परत आले' लिहायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, मूळ तिकडेच आहे.

शेवटचं पाहिलं ते ट्रकमध्ये. सुलैबियाला नकाशे पोचवायला ते स्वतः निघाले होते. त्यांच्याशिवाय कपाटं हलणार नाहीत हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. किल्ली त्यांनी गळ्यातून काढून साहेबाला दिली, लाल पेन मला दिलं, आणि पठाण ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. कानाला सईचा डिस्कमन. ड्रायव्हर काहीतरी सांगत होता, परकारभाई हसत होते, ओठ हलत होते; ते आईच्या त्या वीस मिनिटांपैकी कुठलं वाक्य आहे, ते मला ओठांवरून कळत होतं. फाटकाशी ट्रक वळला आणि त्यांनी हात वर केला. मीही केला. मग लक्षात आलं, तो हात माझ्यासाठी नव्हता. आईचं बोलून झालं होतं, गाणं सुरू होत होतं, आणि ते ड्रायव्हरला गप्प बसायला सांगत होते.

पुढच्या आठवड्यात ते गावी गेले. डिस्कमन काही परत आला नाही. लाल पेन माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मी काही लिहिलं नाही.